मांजराचें भांडें

मांजराला जेवावयास भांडें कोणतें द्यावें, हा प्रश्न आमच्या शाळेच्या निबंधाच्या वहींत आजपर्यंत कधीं आलेला नाहीं, व पुढेंही येईल असें वाटत नाहीं. पावसाळा, आगगाडीचा प्रवास, माझा आवडता ग्रंथ हे विषय विद्यार्थ्यांच्या इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, त्यांवर लिहितांना त्यांना विचार करावाच लागत नाहीं. मीही वीस वर्षें हेच विषय देत आलों. परंतु गेल्या वर्षीं एका मांजरानें आमच्या घरांत हा क्षुल्लक प्रश्न उपस्थित केला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां मला माझ्याच घरांतील एक मोठी चूक आढळून आली. ती सांगावयास संकोच वाटतो. तथापि दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविण्याचा ज्याचा धंदा, त्यानें स्वतःची एखादी चूक वर्षांतून एकदां तरी उघड करावी, हें न्याय्यच होय.

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्रीं एक कबरें मांजराचें पिलूं आमच्या ओटीवर येऊन ओरडूं लागलें. माझ्या मुलीनें त्याला उचलून आंत आणलें, व ‘मनी’ असें नांव ठेवून ती मोकळी झाली. मनीच्या जेवणाची व्यवस्था माझ्या आईनें केली. आईचें माहेर कोंकणांतलें. तेव्हां तिची पहिली धांव नारळाकडे. तिनें करवंटीचें एक पसरट, उथळ भकल निवडलें, त्याच्या कडा तासून गुळगुळीत केल्या, आणि तें डुगडुगूं नये म्हणून खालीं चिंध्यांची एक लहानशी चुंबळ ठेविली. त्यांत मऊ भात व कांटे काढून कुसकरलेला मासा वाढला, कीं मनी तोंड वर न काढतां सारें चाटूनपुसून खात असे. तिसऱ्या-चवथ्या दिवशीं ती करवंटी पाण्याच्या बंबांत जाई व नवी तिच्या जागीं येई.

आम्हां पदवीधरांना मात्र घरांतील जुनी सोय ही नेहमींच गैरसोय वाटते. दिवाळीच्या सुटींत मीं बाजारांतून मांजरांसाठीं म्हणून मुद्दाम बनविलेलें एक प्लास्टिकचें भांडें विकत आणलें. रंग गुलाबी, कडेला माशांचीं चित्रें, एका अंगास अन्नाचा व दुसऱ्या अंगास पाण्याचा असे दोन खोल कप्पे. आईनें तें हातांत घेऊन उलटेंसुलटें पाहिलें व कांहीं न बोलतां खालीं ठेविलें. तिच्या न बोलण्याचा अर्थ मीं संमति असा केला.

आठवड्याभरांत मनीची वागणूक बिघडली. ती कप्प्यांत पंजा घालून अन्न बाहेर काढी, फरशीवर पसरी, व मग खाई. वरवरचें खाऊन झालें कीं, तळाचें तसेंच टाकून ती भांड्यापाशीं ओरडत बसे. शेजारच्या कप्प्यांतील पाण्याला तर ती तोंडही लावीनाशी झाली. न्हाणींतल्या बादलींतून पाणी पिऊं लागली. ‘लाडावली आहे,’ असा मीं निकाल दिला. ज्या अर्थीं ती अन्न टाकते, त्या अर्थीं तें तिला जास्त होत असलें पाहिजे, असें अनुमान काढून मीं तिचा शिधा निम्मा केला. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें हें अनुमान मला निर्दोष वाटलें. मनी मात्र रोड होऊं लागली, आणि डिसेंबरांत तिच्या हनुवटीखालीं काळे ठिपके दिसून तेथील कातडी सुजली.

तिला टोपलींत घालून मी पशुवैद्यांकडे घेऊन गेलों. त्यांनीं हनुवटी निरखून पाहिली, आणि औषधाचें नांव काढण्यापूर्वीं विचारलें, “मास्तर, ही जेवते कशांत?”

मीं मोठ्या अभिमानानें त्या गुलाबी भांड्याचें वर्णन केलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें व मग मला, एखाद्या कच्च्या विद्यार्थ्याला समजवावें तसें, सर्व समजावून सांगितलें. मांजराच्या हनुवटीखालीं तेलकट द्रव पाझरणाऱ्या ग्रंथि पुष्कळ असतात. त्यांचीं तोंडें बुजलीं म्हणजे माणसाच्या मुरमांसारखे हे ठिपके उठतात. हा विकार अमुक एकाच कारणानें होतो असें बोट ठेवून सांगतां येत नाहीं. परंतु प्लास्टिकवर वापरानें बारीक ओरखडे पडतात, त्यांत अन्नाचा ओशटपणा व जंतु घर करून राहतात, आणि ते नुसत्या धुण्यानें निघत नाहींत. म्हणून अशा वेळीं पहिली गोष्ट करावयाची ती भांडें बदलण्याची. स्टील, कांच किंवा चिनी माती यांपैकीं कोणतेंही चालेल, मात्र तें रोज धुतलें पाहिजे.

“आणि तें खोल असूं नये,” ते पुढें म्हणाले. मांजराच्या वरच्या ओंठावर प्रत्येक बाजूस सुमारें १२ मिशा चार ओळींत असतात. त्यांचीं मुळें इतर केसांच्या मानानें कातडींत पुष्कळ खोल गेलेलीं असून त्यांच्याभोंवतीं मज्जातंतूंचें दाट जाळें असतें. अगदीं नाकापुढचा घांस मांजराला स्पष्ट दिसत नाहीं, तो तें वासानें व मिशांनीं ओळखतें. अरुंद व खोल भांड्यांत तोंड घातलें म्हणजे या मिशा दोहोंकडून दाबल्या जातात. हें सर्वच मांजरांना सारखें खुपतें असें नाहीं. परदेशांतील पशुवैद्यांनीं याची परीक्षा केली, तेव्हां पसरट ताटलींतून मांजरांनीं कांहीं अधिक अन्न खाल्लें नाहीं. तथापि दोन्हीं भांडीं पुढें ठेविलीं असतां निम्म्याहून अधिक मांजरांनीं पसरट तेंच पसंत केलें. “तुमच्या मांजराला काय आवडतें, हें तुमचें मांजरच सांगेल. तें पंजानें अन्न बाहेर काढीत होतें, म्हणजे सांगतच होतें,” असें म्हणून ते हंसले.

पाण्याविषयींही त्यांनीं सांगितलें. मांजराचे रानटी पूर्वज कोरड्या प्रदेशांतले. भक्ष्याच्या मांसांतूनच त्यांना बरेंचसें पाणी मिळे. त्यामुळें मांजराची तहान स्वभावतःच मंद, आणि पाण्याचें भांडें अन्नाला चिकटून असलें, त्यांत अन्नाचे कण पडले, कीं पुष्कळ मांजरें तें टाळतात. तें दूर, रुंद तोंडाचें व बरेंचसें भरलेलें असावें. घरीं आल्यावर मीं याविषयीं आणखी वाचलें, तेव्हां एक मनोरंजक गोष्ट हातीं लागली. २०१० सालीं अमेरिकेंत रोमन स्टॉकर, पेड्रो रीस व त्यांचे सहकारी यांनीं स्टॉकर यांच्याच घरच्या मांजराचें पाणी पिणें वेगवान कॅमेऱ्यानें टिपलें. मांजर जिभेची पळी करून पाणी उचलीत नाहीं, असें त्यांना दिसून आलें. जिभेचें टोंक पाण्याच्या पृष्ठभागाला नुसतें टेकवून तें झटकन् वर ओढतें. त्याबरोबर पाण्याचा एक बारीक स्तंभ वर येतो, व तो खालीं कोसळण्यापूर्वीं मांजर तोंड मिटून घेतें. हें एका सेकंदांत सुमारें चार वेळां घडतें. पदार्थविज्ञानाचे धडे इतक्या सफाईनें वापरणाऱ्या प्राण्याला मीं बेशिस्त म्हटलें होतें!

त्या शनिवारीं आम्हीं स्वयंपाकघरांतील भांड्यांची परीक्षाच घेतली. माझी मुलगी परीक्षक, आई पर्यवेक्षक व मी शिपाई. पितळेची वाटी आईनेंच बाद केली, “कल्हई उडाली आहे. अन्न कळकेल यांत,” ती म्हणाली. जर्मनचें झांकण इतकें हलकें कीं, मनीच्या जिभेबरोबर तें सबंध स्वयंपाकघर फिरून आलें. स्टीलची वेळणी धुण्यास उत्तम. तीही सरकत होती, पण खालीं तरटाचा ओला तुकडा घालतांच स्थिर झाली व दुसऱ्या क्रमांकानें उत्तीर्ण झाली. एक चिनी मातीची बशी कडेला टवका उडालेली निघाली. तेथें मळ सांठेल व जीभही कापेल, म्हणून ती बाजूस काढली. शेवटीं पांच इंच रुंदीची, इंचभरही खोल नसलेली, जड व अखंड अशी दुसरी बशी पुढें ठेविली. मनीनें ती एकदां हुंगली, आणि करवंटींतल्याप्रमाणेंच मान खालीं घालून सारें संपविलें. पाण्यासाठीं कांचेचा रुंद वाडगा पलीकडे खिडकीखालीं ठेविला. औषध व नवें भांडें यांचा मिळून गुण आला, आणि महिन्याभरांत हनुवटी स्वच्छ झाली.

येथें ही गोष्ट संपली असती, तर ती सांगण्यासाठीं मीं वार्षिकाचीं पानें अडविलीं नसतीं.

जानेवारींतील एका रात्रीं आम्ही जेवावयास बसलों असतां मुलगी एकदम म्हणाली, “बाबा, आजीपण मनीसारखेंच करते.”

मीं तिला दटावलें. पण ती हटेना. “खरेंच, बघा ना. मधलें मधलें खाते आणि बाकीचें तसेंच राहतें.”

मीं आईच्या ताटाकडे पाहिलें. कितीतरी महिन्यांनीं नीट असें प्रथमच पाहिलें. आईनें सत्तरी ओलांडली आहे, व वर्षभरापासून तिचा उजवा हात कांपतो, हें मला ठाऊक होतें. ठाऊक असणें निराळें व पाहणें निराळें. स्टीलचें ताट सपाट, त्याचा कांठ बोटभरही उंच नाहीं. त्यांत वरणभात पातळ पसरलेला. ती बोटांनीं घांस गोळा करी, हात थरथरे, अन् शितें कांठावरून बाहेर पडत. मग ती आमच्याकडे एक नजर टाकी, सांडलेलें तळहातानें हळूच गोळा करून ताटाआड लपवी, आणि दोन-चार घांसांनंतर नेहमींचें वाक्य बोले, “पुरे झालें मला.”

आणि आम्हीं काय केलें होतें? ‘वय झालें, भूक मंदावली,’ असें म्हणून आम्ही दिवसेंदिवस तिला कमी वाढूं लागलों होतों. तिचीं पोलकीं वर्षांत दोनदां आंत घालावीं लागलीं; माझ्या पत्नीनें शिवतांना तें मला सांगितलेंही होतें. ज्या अर्थीं ती अन्न टाकते, त्या अर्थीं तें तिला जास्त होत असलें पाहिजे! मनीच्या बाबतींत काढलेलें तेंच निर्दोष अनुमान मीं माझ्या जन्मदात्रीलाही लावलें होतें. फरक इतकाच कीं, मांजर बिचारें ओरडून तरी सांगत होतें.

“आई, तूं बोलली कां नाहींस?” मीं विचारलें.

“त्यांत बोलायचें काय?” ती म्हणाली. “हात कांपतो हें काय रोज पानावर बसून सांगायचें?”

मांजराला उथळ भांडें हवें होतें. आईला नेमकें त्याच्या उलट. दुसऱ्या दिवशीं मीं उभ्या कांठाचा, जाड बुडाचा एक मोठा वाडगा आणला. अशा भांड्यांत घांस कांठापर्यंत लोटला म्हणजे तो बाहेर न पडतां चमच्यांत आपोआप चढतो. तो सरकूं नये म्हणून खालीं ओलें फडकें घातलें, आणि चमच्याचा दांडा मुठींत नीट बसावा म्हणून मुलीनें त्यावर कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड केला. हाताच्या कंपाबद्दल डॉक्टरांनाही दाखविलें. तो उपचार चालू आहे. पण त्या पहिल्या दिवशीं, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वींच, आईनें वाडगा रिकामा केला व म्हणाली, “अजून थोडा भात वाढ.”

हे शब्द आमच्या घरांत कित्येक महिन्यांत ऐकूं आले नव्हते. माझी पत्नी भात आणावयास उठली, ती शेगडीकडे तोंड करून बराच वेळ तशीच उभी राहिली.

जेवण झाल्यावर आई मला म्हणाली, “अरे, वर्गांत पोरांना दिवसभर प्रश्न विचारतोस. घरीं एक विचारला असतास, तर मनीला दवाखान्यांत न्यावें लागलें नसतें.” तिनें स्वतःचें नांव घेतलें नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं मांजर असेल त्यांनीं तिचें भांडें पसरट, जड व विनाओरखड्याचें ठेवावें. तें रोज घांसावें. पाणी अन्नापासून दूर ठेवावें. आणि मोठ्या मांजराला दूध पचतेंच असें समजूं नये, कारण लहानपण सरल्यावर पुष्कळ मांजरांची ती शक्ति कमी होते. दोन मांजरें असतील तर भांडींही दोन असावींत. पालकांस माझी विनंति निराळी आहे. आपल्या घरांत जें कोणी पानांत टाकीत असेल, मग तें मूल असो कीं म्हातारें माणूस असो, त्याचें वाढणें कमी करण्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं बसून तें कसें जेवतें हें पाहावें.

मी स्वतः अजून शिकतोंच आहें. सहामाही परीक्षेच्या वेळीं एका विद्यार्थ्याचें एक उत्तर अगदीं कोरें आढळलें. शून्य लिहिण्यासाठीं उचललेली तांबड्या शाईची लेखणी मीं खालीं ठेविली व त्याला बोलावून विचारलें. त्याच्या जुन्या पुस्तकांतून त्या धड्याचीं पानेंच गेलेलीं होतीं. शून्य मला द्यावेंच लागलें; पण त्याच दिवशीं त्याला दुसरें पुस्तकही दिलें.

मनीची बशी अद्याप शाबूत आहे. ती कधींकाळीं फुटली तर अडचण नको, म्हणून आईनें एक पसरट करवंटी तासून, तिची चुंबळ करून, फळीवर ठेवून दिली आहे. हात कांपत असतां तिनें ती तासली कशी, हें मीं या वेळीं विचारलें. ती म्हणाली, “हळूहळू.”