एक नंबरचा रिमोट

नवा गेमपॅड हातात आला की मी आधी खेळायला बसत नाही. तो लिनक्सच्या संगणकाला जोडतो, टर्मिनल उघडतो, ‘इव्हटेस्ट’ चालू करतो आणि एकेक बटण दाबून बघत राहतो. बटण दाबलं की पडद्यावर ओळ उमटते: प्रकार १, कोड ३०४, किंमत १. बोट उचललं की तीच ओळ पुन्हा, किंमत ०. कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पॅड दिसतो तो एवढाच. त्याला मारिओ ठाऊक नाही की उडी ठाऊक नाही. पलीकडच्या टोकाला एम्युलेटर असतो, जुन्या कन्सोलची भूमिका हुबेहूब वठवणारा प्रोग्रॅम. त्यालाही या पॅडची ओळख नसते, कारण त्या कन्सोलच्या काळात हा पॅड जन्मालाच आला नव्हता. या दोघांची गाठ घालून द्यायला कॉन्फिगच्या दहा-वीस ओळी लागतात. गेली बारा-तेरा वर्षं मी त्या लिहितो आहे, आधी स्वतःसाठी आणि मग जो कोणी सांगेल त्याच्यासाठी.

हे काम मला बरेच दिवस कारकुनी वाटायचं. इकडचं ‘ए’ तिकडच्या ‘ए’ला, इकडचं ‘बी’ तिकडच्या ‘बी’ला, यादी जुळली की झालं. ते तसं नाही हे कळलं ते ताईमुळे.

१९९५च्या सुमारास आमच्या मिरजेच्या घरी व्हिडिओ गेम आला. जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे मला पुढे फार उशिरा समजलं. कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो आणि कंट्रोलरला रिमोट. एक नंबरचा रिमोट ताईचा, दोन नंबरचा माझा. दोन नंबरच्या रिमोटला सिलेक्ट आणि स्टार्ट ही बटणंच नव्हती. मला वाटायचं, आपल्या स्वस्तातल्या यंत्रात कोणी काटकसर केली असणार. पण मूळ फॅमिकॉमचा दुसरा कंट्रोलरही तसाच होता. ती दोन बटणं गाळून त्यात एक छोटा मायक्रोफोन बसवलेला होता. त्यामुळे खेळ सुरू कधी करायचा आणि थांबवायचा कधी, हे सगळं ताईच्या हातात. ‘कॉन्ट्रा’मध्ये धबधब्याचा टप्पा येतो. तिथे पडदा वर सरकत जातो आणि मागे राहिलेला खेळाडू खालच्या कडेबरोबर मरतो. ताई झपाझप वर चढायची आणि मी खाली मरायचो. ती एक क्षणही थांबायची नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेला ती येणार होती, म्हणून मी पडून असलेल्या एका डेस्कटॉपवर डेबियन बसवलं, त्यावर एम्युलेटर चालवणारं रेट्रोआर्च, आणि दोन एकसारखे साधे यूएसबी पॅड विकत आणले.

स्वस्तातल्या पॅडची पहिली गंमत दिशांच्या फुलीत असते. ही अधिक चिन्हासारखी फुली गुनपेई योकोई यांनी १९८२ साली ‘गेम अँड वॉच’ मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी आणली. अंगठ्याखाली एकच तुकडा, मध्यावर तोललेला. डावीकडे दाबला की उजवीकडे दाबताच येत नाही. पण त्या फुलीने कर्नेलशी बोलायच्या तीन तऱ्हा आहेत. काही पॅड तिला चार वेगवेगळी बटणं म्हणून सांगतात. काही ‘हॅट’ म्हणून, म्हणजे उणे एक, शून्य, एक अशा तीन किमतींत. आणि माझ्या या पॅडसारखे काही चक्क स्टिक असल्याचं सांगतात: डावीकडे ०, मध्ये १२७, उजवीकडे २५५, आणि अधलंमधलं काहीच नाही. एम्युलेटरला यातलं काय येणार आहे ते आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर मारिओ जागचा हलत नाही. बटणांचीही तीच कथा. आडव्यातिडव्या चार बटणांची नावं इव्हटेस्टने दाखवली ती ‘ट्रिगर’, ‘थंब’, ‘थंब-२’ आणि ‘टॉप’, कोड २८८ ते २९१. विमान उडवायच्या खेळांत असते तशा उभ्या जॉयस्टिकची ही नावं. पॅडने आपण जॉयस्टिक आहोत असं सांगितलं की कर्नेल त्याला तीच नावं देतो.

हे सगळं मी नीट लावलं. फुली फुलीला, ए एला, बी बीला. ताई आली, ओवाळून झालं, फराळ झाला, आणि तिने पॅड हातात घेतला. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. पहिल्या मशरूमवर तिने उडी मारली ती उशिरा. दुसऱ्या वेळी ती नळ्यांच्या पुढे गेली आणि पहिल्याच खड्ड्यात पडली. तिसऱ्या वेळी पळता पळता पुन्हा तिथेच. मग तिने पॅड मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “अरे, हातच विसरला माझा. वय झालं.” चेहरा हसरा होता, पण तिला ते लागलं होतं. हा खेळ ती डोळे मिटून खेळायची.

मी तिला पुन्हा खेळायला सांगितलं आणि पडद्याकडे न बघता तिच्या उजव्या अंगठ्याकडे बघत बसलो.

जुन्या रिमोटवर बी आणि ए ही बटणं शेजारी शेजारी, एका आडव्या रेषेत होती. बी डावीकडे, ए उजवीकडे. मारिओला पळवायचं तर बी दाबून धरावं लागतं, आणि ते न सोडता उडीसाठी ए दाबावं लागतं. बटणं दोन, अंगठा एक. म्हणून हा खेळ खेळणारं प्रत्येक मूल कोणी न शिकवता एकच युक्ती शिकतं: अंगठ्याचं टोक बीवर रोवून ठेवायचं, आणि उडी मारायची वेळ आली की अंगठा किंचित कलता करून सांध्याजवळच्या मांसल भागाने ए दाबायचं. त्यात बोट उचललं जात नाही, नुसतं लवंडतं. ताईचा अंगठा नेमका तसाच लवंडत होता. तीस वर्षांनी, एका अनोळखी पॅडवर. हात काहीही विसरला नव्हता.

चूक माझ्या ओळींत होती. आताच्या पॅडवर चार बटणं पतंगाच्या चार टोकांसारखी मांडलेली असतात. रेट्रोआर्चने मनाशी धरलेला पॅड फॅमिकॉमनंतरच्या सुपर फॅमिकॉमच्या घडणीचा आहे: बी खालच्या टोकाला, ए उजव्या टोकाला. अक्षरं जुळतात म्हणून जुन्या खेळाचं बी खाली जातं आणि ए उजवीकडे. पण या दोन बटणांना जोडणारी रेषा डावीकडून उजवीकडे वर चढते. उजव्या हाताचा अंगठा पॅडवर पडतो तो बरोबर उलट्या तिरप्याने, टोक वर डावीकडे आणि बुडखा खाली उजवीकडे. टोक खालच्या बटणावर रोवून ताई अंगठा लवंडत होती, आणि तो टेकत होता मोकळ्या प्लॅस्टिकवर.

उत्तर सोपं होतं, आणि ते निन्टेंडोने स्वतःच कधीच देऊन ठेवलं होतं. १९९० सालच्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये पळायचं बटण आहे वाय, म्हणजे डावं टोक, आणि उडीचं बी, म्हणजे खालचं टोक. डाव्या टोकावरून खालच्या टोकाकडे जाणारी रेषा थेट अंगठ्याच्या रेषेवर पडते. चार बटणांचा पॅड आल्यावर त्या लोकांनी अक्षरं सोडून दिली आणि अंगठा धरून ठेवला. मी अक्षरं धरून बसलो होतो. दोन ओळी बदलल्या: बी डाव्या बटणाला, ए खालच्या. बाकी काही नाही.

ताई पहिला खड्डा ओलांडून गेली, दुसरा ओलांडून गेली, आणि टप्प्याच्या शेवटी पायऱ्यांवरून झेपावून झेंड्याच्या अगदी वरच्या टोकाला जाऊन लटकली. ती काही बोलली नाही. पुढचा टप्पा सुरू झालेला होता.

त्या दिवसापासून मी बटणांच्या नावांवर विसंबत नाही. विसंबून चालतही नाही. कर्नेलमध्ये या चार बटणांना दिशांची नावं आहेत: दक्षिण, पूर्व, उत्तर, पश्चिम. पण त्याच आकड्यांना जुनी अक्षरी नावंही चिकटलेली आहेत, आणि त्यात एक्स आणि उत्तर यांचा कोड एकच आहे, ३०७. एक्सबॉक्सच्या घडणीच्या पॅडवर एक्स असतं पश्चिमेला. म्हणून तुम्ही डावं बटण दाबता आणि इव्हटेस्ट शांतपणे ‘नॉर्थ’ छापतो. हे प्रथम पाहिलं तेव्हा मी पॅड उलटा तर धरला नाही ना, म्हणून बघितलं होतं. एसडीएल या लायब्ररीने तिसऱ्या आवृत्तीत ए, बी, एक्स, वाय ही नावं काढून तिथेही दिशाच ठेवल्या. मला ते मनापासून पटलं. कारण अक्षर कंपनीगणिक बदलतं. निन्टेंडोचं ए उजवीकडे, एक्सबॉक्सचं खाली. अंगठ्याची दक्षिण सगळ्यांची एकच असते.

(बिनतारी पॅड लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एसडीएल प्रत्येक पॅडला जी लांबलचक ओळख देते, तिच्या सुरुवातीला तो कुठल्या वाटेने आला हे लिहिलेलं असतं: यूएसबीसाठी ०३, ब्लूटूथसाठी ०५. त्यामुळे तोच पॅड तार काढून जोडला की एसडीएलच्या लेखी तो दुसराच पॅड होतो आणि त्याची ओळ वेगळी लिहावी लागते. यात कित्येकांच्या संध्याकाळी गेल्या आहेत.)

सगळंच बटणाच्या जागेने सुटतं असंही नाही. निन्टेंडो ६४ची स्टिक अष्टकोनी खाचेत फिरते आणि प्रत्यक्षात एका बाजूला साधारण ८०च्या आकड्यापर्यंतच पोहोचते. आजची स्टिक गोल खाचेत फिरते आणि पूर्ण पल्ला देते. तो जसाच्या तसा पुढे पाठवला तर ‘मारिओ ६४’मध्ये चवड्यांवर चालणं अवघड होतं; जरा ढकललं की पळत सुटतो. तिथे पल्ला कमी करायचा, मधली निष्क्रिय जागा लहान ठेवायची, आणि पुन्हा पुन्हा चालून बघायचं. हे काम आकड्यांनी होत नाही, फक्त हाताने होतं. एका मित्रासाठी मी ते तीन रविवार केलं होतं.

ताईचा मारिओ झाला आणि ‘कॉन्ट्रा’ लावायची वेळ आली, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. दोन्ही पॅड एकसारखे, एकाच्याही पोटात अनुक्रमांक नाही. लिनक्स त्यांना ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने नंबर देतो, आणि तो क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नाही. एकदा ताई एक नंबर झाली, संगणक बंद करून चालू केला तर मी एक नंबर. निळ्या विजारीचा सैनिक पहिल्या खेळाडूचा, लाल विजारीचा दुसऱ्याचा. ताई निळ्याकडे बघून पॅड दाबत होती आणि उड्या मारत होता लाल. नावावरून ओळखावं तर दोघांचं नाव एकच. शेवटी मी ‘बाय-पाथ’ या फोल्डरचा आधार घेतला. तिथे पॅडची ओळख त्याच्या नावावरून नसते, तो कुठल्या भोकात खुपसलाय त्यावरून असते. खेळ सुरू होण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट बघते की डाव्या पोर्टवर कोण आहे, आणि त्याला पहिला खेळाडू करते. डाव्या पोर्टच्या पॅडवर ताईच्या मुलीने नेलपॉलिशचा एक ठिपका लावून दिला.

दोन ओळी राहिल्या होत्या. फॅमिकॉमच्या रिमोटच्या पोटात ४०२१ जातीची एक चिप असते. खेळ सेकंदाला सुमारे साठ वेळा तिला विचारतो, आणि ती आठ बटणांची स्थिती ठरल्या क्रमाने सांगते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मी लिहितो ते सगळं अखेर या आठ खान्यांत जाऊन पडतं. दोन नंबरच्या रिमोटचे सिलेक्ट आणि स्टार्टचे खाने जन्मभर रिकामे असायचे. माझ्या हातातल्या नव्या पॅडला मात्र दोन्ही बटणं होती, आणि रेट्रोआर्चने ती आपणहून जोडलीही होती. फाइल उघडली, दुसऱ्या खेळाडूच्या त्या दोन ओळींत ‘नल’ लिहिलं आणि जतन केलं.

धबधब्याच्या टप्प्यात अर्ध्यावर होतो, तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून ताईला हाक मारली. ताईने स्टार्ट दाबलं, पॅड सतरंजीवर ठेवला आणि आत गेली. तिचा निळा वरच्या कड्यावर उभा होता. माझा लाल उडी मारता मारता हवेतच थांबला होता. मी पॅड दोन्ही हातांत धरून ती परत येण्याची वाट बघत बसलो.