खिडकीपलीकडचा तिसरा

हौशा आणि नवशा सख्खे भाऊ. जन्म दौंडचा, मामीच्या रेल्वे क्वार्टरमधल्या पलंगाखालचा. पुणे, सोलापूर, मनमाड अशा तिन्ही अंगांनी गाड्या येणार, रात्रभर भोंगे वाजणार, मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळणार. त्या दणदणाटात ही पिल्लं डोळेसुद्धा न किलकिलवता झोपायची. चौफुल्यावरून पारगावच्या पुलाकडे, तिथे भीमा ओलांडून न्हावऱ्यामार्गे आम्ही त्यांना शिरूरकडे आणलं तेव्हाही पिशवीत दोघं एकमेकांच्या अंगावर पसरून निवांत होती. नावं आईने ठेवली. घरात येऊन दोघांनी पहिल्याच दिवशी जुनी गोधडी ताब्यात घेतली आणि तिच्यावर अशी काही गुंतून झोपू लागली, की कोणता पाय कोणाचा हे शेपटी ओढून पाहावं लागायचं. हौशाने नवशाचे कान चाटायचे, नवशाने मान वाकडी करून ते चाटून घ्यायचे. वाढले, नसबंदी झाली, अंगाने थोराड झाले, तरी हा क्रम मोडला नाही.

आमचं घर उसाला लागून आहे. चासकमान धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसासोबत बिबट्याही वस्तीला आला. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं हे पीक त्याला जंगलासारखंच. मादी त्यातच विते, पिल्लं त्यातच मोठी होतात. त्यांनी डोंगरातलं जंगल कधी पाहिलेलंच नसतं. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला जेमतेम तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यांत दोन लेकरं होती. लोक रस्त्यावर उतरले, पिंजरे लागले, बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाऊ लागल्या. दिवस कलला की दारं लागायची. हे लोण इकडे शिरूरला तसं तिकडे दौंडकडच्या ऊसपट्ट्यातही. फोनवर मामी आधी बिबट्याचं विचारायची, मग तब्येतीचं. मांजर वाघाची मावशी म्हणतात. मावशी घरात आणि भाच्याच्या भीतीने सगळा तालुका कड्या लावून आत, असे ते दिवस होते.

त्या संध्याकाळी कुत्री एकाएकी भुंकायला लागली आणि एकाएकी गप्प झाली. नवशा मागच्या खिडकीत बसला होता. पाठ कमानीसारखी, शेपूट पिंजारलेलं, नजर उसाच्या कडेवर खिळलेली. हौशा नेहमीसारखा मागून आला आणि नेहमीसारखंच त्याच्या पाठीशी नाक नेलं. पुढचं डोळ्यांना नीट दिसलंच नाही. दोघांचा एक गोळा झाला, फडताळातली भांडी कोसळली आणि मांजराच्या गळ्यातून येऊ शकतो यावर विश्वास बसणार नाही असा आवाज आला. आईने तांब्यातलं पाणी फेकलं. हौशा पलंगाखाली गेला. नवशा वाटेत बसून राहिला, आणि हौशाचं नाक जरा बाहेर आलं की गुरगुरायचा.

सकाळी पाटाच्या ओल्या मातीत ठसे सापडले. लहान, मांजराचेच. वस्तीवरचा कुणीतरी बोका येऊन गेला होता. बिबट्या नव्हताच.

हा प्रकार मांजरांच्या अभ्यासकांना चांगला परिचयाचा आहे. खिडकीबाहेरच्या परक्यावर झेप घ्यायची असते, मध्ये काच किंवा जाळी असते, अंगात उसळलेलं ते सगळं जवळ जो येईल त्याच्यावर निघतं. जवळ येणारा बहुतेक वेळा सर्वांत लाडकाच असतो, कारण परकं मांजर इतकं जवळ येतच नाही. कधी निमित्त नुसत्या आवाजाचंही असतं. माणसाचे कान 20 हजार हर्ट्झच्या आसपास थांबतात, मांजराचे 80 हजारांच्याही पुढे जातात. आपल्या लेखी शांत असलेल्या घरात त्यांच्यासाठी काहीतरी किंचाळत असू शकतं. आणि चढलेला हा पारा तासाभरात उतरेलच असं नाही, कधी कधी दिवसच्या दिवस उतरत नाही. आमच्याकडे बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ पुष्कळ आहेत, पण त्यांना निदान आपण कशासाठी भांडतोय हे तरी ठाऊक असतं. या दोघांत ना बांध होता, ना हिस्सा.

आईने मोहरी-मिरच्या उतरवून टाकल्या. नजर लागली, असं तिचं ठाम मत. मला ते अगदीच चुकीचं वाटलं नाही. बाहेरून काहीतरी घरात शिरलं होतं हे तर खरंच.

मांजराच्या चाव्याचं असं असतं, की वरून भोक सुईएवढं आणि आत पू साठतो. हौशाच्या मांडीवर गाठ आली. जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन जखम साफ करून आणली, तर घरातला तणाव दुप्पट. आता त्याच्या अंगाला स्पिरिटचा, औषधाचा, परक्या कुत्र्यांचा वास होता. नवशाने त्याला हुंगलं, ओठ वर ओढून तोंड अर्धवट उघडं ठेवलं (टाळूत मांजराला गंध पारखणारं वेगळं इंद्रिय असतं, त्याला तो वास पोचवायचा असतो) आणि फिस्कारून मागे सरला. मांजर आपल्या माणसाला चेहऱ्यावरून थोडंच ओळखतं. एका घरातली मांजरं गाल, कपाळ, कुशी एकमेकांवर घासत राहतात. त्यातून सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो आणि तो अंगावर असेल तोच घरचा. तो वास रोज लावावा लागतो. आपल्याला ते लाडात येणं वाटतं. असतं ते नातं ताजं ठेवण्याचं काम.

चिंपांझी भांडणानंतर एकमेकांना जवळ घेतात, हे फ्रान्स द वाल यांनी 1979 साली नोंदवलं. कुत्रीही शेपूट पायांत घालून पडतं घेतात. मांजराकडे असली रीत जवळजवळ नाहीच. त्याचा पूर्वज, आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने शिकार करायचा आणि बिनसलं की सरळ निघून जायचा. परत येऊन समजूत काढायची वेळच त्याच्यावर यायची नाही. दोन खोल्यांच्या घरात निघून जायचं कुठे, हा प्रश्न आपण त्याच्यापुढे उभा केला.

म्हणून मग मधलं दार बंद. नवशा स्वयंपाकघरात, हौशा बाहेरच्या खोलीत. एका जुन्या पंच्याने याचे गाल पुसायचे, तो त्याच्या ताटलीखाली अंथरायचा; त्याचे पुसायचे, याच्याखाली. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला वर्तमानपत्र चिकटवलं. त्यावर बातमी बिबट्याचीच होती. दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी सुकट ठेवायची, आधी लांब, मग हळूहळू फटीजवळ. आईला हे सगळं पोरखेळ वाटायचं. “समोरासमोर बसवून दोघांना एकेक चापट दे, येतील ताळ्यावर,” ती म्हणायची. पण फटीपलीकडून एखादा पंजा आला आणि त्याच्यात नख्या नव्हत्या, हे पहिल्यांदा तिनेच पाहिलं, आणि मला हाक मारली.

आता दार उघडं असतं. हौशा ओट्याखाली, नवशा पलंगावर. मध्ये एक अंतर आहे, दोघांनाही ते बरोबर माहीत आहे. नवशा कधी कधी जवळून जाताना कपाळ घासून जातो. कान चाटणं मात्र नाही. मला त्याची घाई नाही. परत सुरू झालंच नाही तरी या दोघांचं चालेल असं दिसतं, अडतं ते आमचंच.

परवा मामीचा दौंडहून फोन आला. क्वार्टरमध्ये पुन्हा पिल्लं झालीत, एक पांढरं फार गोजिरं आहे, घेऊन जा म्हणाली. आईने फोन माझ्या हातातून घेतला. “वहिनी, आधी तुमच्या या दोघांचं निस्तरू द्या,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ ते पांढरं दिसायला नेमकं कसं आहे याची चौकशी करत राहिली.