हातावरचा पाहुणा

हातावर शिकारी पक्षी घेतलेली माणसे आजवर आम्ही केवळ जुन्या चित्रांतून पाहिली होती. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असे पक्षी पकडणे निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडमध्ये मात्र बंदिवासात जन्मलेले शिकारी पक्षी पाळून उडवण्याची परंपरा आजही जिवंत आहे. गेल्या वर्षी आम्ही उभयता ग्लॉस्टरला धाकट्या मुलाकडे गेलो असता त्याने आम्हांला जवळच्या न्यूएंट येथील पक्षिकेंद्रात नेले. फिलिप ग्लेझियर यांनी ते १९६७ साली सुरू केले.

प्रथम पक्ष्याचे वजन झाले. हॅरिस हॉक जातीचा तो नर जेमतेम साडेसहाशे ग्रॅम भरला. हे वजन रोज करावे लागते. कारण पोट भरलेला पक्षी हाकेला येत नाही आणि फार उपाशी ठेवला तर तो अशक्त होतो. डाव्या हातात जाड चामडी मोजा चढवून, बोटांत मांसाचा तुकडा धरून आम्ही उभे राहिलो. शिट्टी वाजताच तो गवताला लगटून आला आणि अखेरच्या क्षणी वर उसळून मुठीवर बसला. त्याच्या पंजांची पकड चामड्यातूनही जाणवली.

“ऐकले नाही तर शिक्षा काय करता?” आम्ही विचारले.

“शिक्षा त्याला कळतच नाही,” प्रशिक्षिका म्हणाली. “रागावलात तर तो फक्त दूर जाईल. त्याचे आपल्यावर प्रेमही नसते. येथे अन्न मिळते आणि इजा होत नाही, एवढेच तो जाणतो.”

उडवायचे म्हणजे दरवेळी पूर्ण मोकळे सोडायचे. त्याच्या अंगावर एक लहानसे यंत्र होते. पक्षी कोठे आहे, हे त्यावरून कळते. त्याला परत आणणे यंत्राच्या हाती नसते. त्यासाठी हात पुढे करून उभेच राहावे लागते.

मुलगा शेजारीच उभा होता. गावी कायमचा केव्हा येणार, हा प्रश्न आमच्या ओठांवर होता. मुले म्हणजे पक्षी नव्हेत, हे आम्ही जाणतो. तरी तो प्रश्न आम्ही विचारला नाही.

वसईच्या घराची माडी भाड्याने द्यावी, असे शेजारी सुचवतात. आम्ही ती अद्याप दिलेली नाही.