फोटो धुण्याची गोष्ट: तेल अवीव ते भायखळा

कार्मेल बाजारात खरेदीला जाणाऱ्या आपल्या पुष्कळ मंडळींनी अॅलनबी रस्त्यावरचे ३० नंबरचे फोटोचे दुकान पाहिले असेल. हिब्रूत त्याला 'हात्सालमानिया' म्हणतात. चेकोस्लोव्हाकियातून आलेले रूडी वाइसेनश्टाइन आणि त्यांच्या पत्नी मिरियम यांनी ते १९४० साली उघडले. १४ मे १९४८ रोजी बेन गुरियन यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली, तेव्हा रूडी कॅमेरा घेऊन तिथे हजर होते. १९९२ साली ते वारले. मिरियमबाईंनी दुकान चालू ठेवले, पुढे नातू हाताशी आला. बाई २०११ साली वारल्या. जुनी इमारत पाडायची म्हणून दुकान जवळच्याच चेर्निखोव्स्की रस्त्यावर हलले, आणि सुमारे दहा लाख निगेटिव्हही हलल्या!

२०१४ साली मी माझ्या नातवाला तिथे घेऊन गेले. तिथले काळे-पांढरे फोटो बघता बघता मी सहज म्हटलं, "असे फोटो माझा मामा धुवायचा." तो म्हणाला, "सावता, फोटो धुवायचे? साबणाने?"

मुलांनो, साबणाने नाही. मामा भायखळ्याच्या एका स्टुडिओत डार्करूममध्ये कामाला होता. खोलीत फक्त लाल दिवा. एनलार्जरमध्ये निगेटिव्ह ठेवायची, आणि तिच्यातून खालच्या ब्रोमाइड कागदावर मोजून काही सेकंद उजेड पाडायचा. किती सेकंद, ते आधी कागदाची एक पट्टी कापून बघायचं. उजेड पडला तरी कागद कोराच दिसतो. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये टाकला की आधी काळा कोट, केस, आणि मग हळूहळू चेहरा वर येतो. मी लहान असताना दाराशी उभी राहून ते पाहिलंय. नंतर आंबट वासाच्या पाण्यात बुडवून हायपोत. उजेड न लागलेले चांदीचे क्षार हायपो विरघळवून काढतो, नाहीतर बाहेर आणल्यावर सगळा फोटो काळवंडेल. शेवटी जाड कागद असला तर तासभर पाण्यात धुवायचा. मुंबईत नळाला पाणी ठरल्या वेळीच, म्हणून मामा पिंपं भरून ठेवायचा. धुणं कमी पडलं, हायपो कागदात राहिला, तर काही वर्षांनी पिवळे डाग येतात. घरचे आल्बम काढून बघा, असा एखादा फोटो सापडेल. उन्हाळ्यात डेव्हलपर गरम होऊ नये म्हणून ट्रेखाली बर्फ ठेवायचा.

खरी करामत हाताची. नवरीची पांढरी साडी नुसती पांढरी उमटू नये म्हणून तिथे थोडा जास्त उजेड द्यायचा, आणि चेहरा फार काळा होऊ नये म्हणून त्यावर हाताची सावली धरायची. हात सारखा हलता हवा, थांबला की कड उमटते. त्यामुळे एका निगेटिव्हचे दोन फोटो अगदी एकसारखे कधी निघत नसत.

आता माझ्याकडे मागेन हासिदीम सिनेगॉगपुढचा एका लग्नाचा फोटो आहे. निगेटिव्ह केव्हाच गेली, हाच एक कागद. पाच मुलांची पाच घरं, प्रत्येकाला हवा. इथल्या एका दुकानात तो स्कॅन केला, चिरा पुसल्या, आणि पाचही प्रती हुबेहूब आल्या. हे मामाला जमलं नसतं, कबूल करायला हवं. आणि गंमत म्हणजे अशा बऱ्याच दुकानांच्या मशीनमध्ये आजही उजेड लागणाराच कागद असतो. लेझरने चित्र काढतात आणि आतल्या आत औषधात धुतात. म्हणजे धुणं काही सुटलं नाही!

पण पहिल्या खेपेला मशीनने आपणहून सगळ्यांना गोरं करून टाकलं. आमची आजी गोरी नव्हती हो! मी ते परत करायला लावलं.

दुसरी गोष्ट नातवाच्या लक्षात आली. दुकानदाराने फक्त पुढची बाजू घेतली होती. मागे आईने पेन्सिलीने मराठीत नावं लिहिली आहेत, आणि ती माझ्या नातवंडांना वाचता येत नाहीत. मग मागची बाजूही स्कॅन करून घेतली, आणि नातवाने मला विचारून खाली प्रत्येक नाव हिब्रूत लिहिलं. अकरा नावं झाली. उजवीकडून दुसऱ्या, चष्मा लावलेल्या बाईंपुढे आईने नुसतं 'रेवदंड्याची मावशी' लिहिलंय. ह्या कोण, हे माहीत असणारे कोणी वाचक असतील तर त्यांनी संपादकांना जरूर कळवावं. नातवाने ती ओळ अजून कोरी ठेवली आहे.