एकाने कमी

गेटवेच्या कमानीपाशी भाचीने मान वर केली आणि कोरलेली अक्षरं लावत गेली. जॉर्ज, मेरी, डिसेंबर... आणि अडली. 'एम, सी, एम, एक्स, आय. मामा, हा कुठला शब्द?'

शब्द नव्हे गं, साल आहे. पंचम जॉर्ज इथे उतरला ते साल.

बोटीच्या तिकिटामागे मी अक्षरं मांडली. एम म्हणजे हजार. सी म्हणजे शंभर, पण तो पुढच्या हजाराच्या डावीकडे उभा, म्हणून त्यातून वजा. हजार, नऊशे आणि एक्स-आयचे अकरा. १९११.

'डावीकडचा वजा का?'

तू एकोणीस म्हणतेस, तेव्हा काय करतेस? एकोन, म्हणजे एकाने ऊन वीस. वीस अजून आलेले नसतात, तरी त्यांच्याकडे बोट दाखवून आपण एक पाऊल अलीकडे थांबतो. रोमन माणूसही एकोणिसाला 'विसाला एक कमी' असंच म्हणायचा. हे कळलं त्या दिवसापासून मला ते आकडे परके वाटलेले नाहीत.

मग तिने हौसेने नव्याण्णव लिहिले: आय आणि सी, शंभराला एक कमी. तर्क सुरेख, पण चालत नाही. आय फक्त पाच आणि दहातूनच वजा होतो. आधी नव्वद लिहायचे, मग नऊ. गंमत बघा, मराठीही एकोणनव्वदपर्यंत ऊन करत येते आणि शंभराच्या उंबऱ्यावर ती सवय सोडून नव्वद-नऊ मोजते!

लहानपणी घरच्या लंबकाच्या घड्याळात चाराला चार उभ्या रेघा होत्या. शाळेत तशाच काढल्या आणि गुण गेला. रात्रभर मी घड्याळावर रुसलो होतो. पुढे कळलं, रोमच्या कोलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या दारावरही चाराच्या चार रेघाच आहेत. म्हणजे घड्याळ खोटं नव्हतं, जुनं होतं. तरी आज लिहिताना मी आय-व्हीच लिहितो. शंभर वर्षांनी कुणी पोर मान वर करून वाचेल, तिला एकच वाट सापडावी.

'हे बांधून कधी झालं?'

१९२४.

तिने तिकीट गुडघ्यावर धरलं. एम, सी, एम, एक्स, एक्स. पुढे चार रेघा ओढल्या, थबकली, तीन खोडल्या आणि उरलेल्या एकीपुढे व्ही काढला.

'पाचाला एक कमी,' ती पुटपुटली.