ताईच्या तळ्यातले बेडूक

गेल्या जुलैत ऑफिसच्या कामासाठी लंडनला होतो. एका रविवारी सरे परगण्यात ताईकडे गेलो. घरामागच्या बागेत जेवणाच्या टेबलाएवढं तळं, आणि काठाला पाच मेलेले बेडूक. मांड्यांवर लाल चट्टे, एकाची तर बोटं झडलेली.

लक्षणं रानाव्हायरसची. माणसाला तो होत नाही. इंग्लंडच्या आग्नेय भागातल्या बागांमध्ये १९८०च्या दशकापासून उन्हाळ्यात बेडूक असे मरत आले आहेत. साथ पुन्हापुन्हा आली तिथे ते साधारण ८० टक्क्यांनी घटले. इथे मोठे बेडूक मरतात, अमेरिकेतल्या वुड फ्रॉगचे मात्र बेडूकमासेच तळंभर मरून पडतात. अंडी, मासे, पाणवनस्पती एका तळ्यातून दुसऱ्यात नेल्या की विषाणूही सोबत जातो.

मोबाइलवरचं हे वाचून दाखवलं, तर भाचा एकदम गप्प. एप्रिलमध्ये त्याने बरणीभर बेडूकमासे शेजारच्या मित्राच्या तळ्यात सोडले होते.

"मामा, ते आजारी होते का?"

काय सांगणार? बेळगावला पावसाळ्यात मीही हेच करायचो, डबक्यातून घरच्या हौदात. (आई ओरडायची ती फक्त लोणच्याच्या बरणीसाठी.)

संध्याकाळी दोघं मित्राच्या घरी सांगायला गेलो. त्यांच्या तळ्यात चार बेडूक दिसले, चारही जिवंत. भाच्याने दोनदा मोजले.