उरलेले सामने खेळवा

25 एप्रिल 2020

कोरोनामुळे बंद पडलेल्या फुटबॉलबाबत काल नेदरलँड्सचा निर्णय आला. हंगाम आहे तिथंच थांबला, विजेता कुणीच नाही. पहिल्या श्रेणीत आघाडीवरच्या आयाक्स आणि एझेड दोघांचेही 56 गुण, तिथला पेच मी समजू शकतो. पण कांबूरचं काय? लेवार्डनचा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत अव्वल, नऊ सामने उरलेले, तिसऱ्या संघापेक्षा 11 गुण जास्त. मतदानात 16 क्लब बढतीच्या बाजूने, नऊच विरोधात, बाकीचे तटस्थ. तरीही बढती नाही! रात्री उशिरापर्यंत हेच डोक्यात घोळत होतं.

आमच्या मित्रांत वाद पेटलाय तो इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या लिव्हरपूलवरून. 29 सामन्यांत 27 विजय, 25 गुणांची आघाडी, विजेतेपदाची 30 वर्षांची प्रतीक्षा. मँचेस्टर युनायटेडवाले म्हणतात, हंगाम रद्दच करा. लिव्हरपूलवाले म्हणतात, आहे त्या तक्त्यावर चषक देऊन टाका. मग तळाशी काय करणार? वेस्ट हॅम, वॉटफर्ड, बोर्नमथ, तिघांचे 27च गुण. केवळ गोलफरकाने बोर्नमथला खालच्या श्रेणीत ढकलायचं?

साथीत माणसं जाताहेत, तोवर चेंडू बाजूलाच राहू दे. पण धोका ओसरला की, रिकाम्या स्टेडियममध्ये का होईना, उरलेले सामने खेळवा. निकाल मैदानावरच लागू द्या.